सायीच्या रंगाचा टप

मालकांनी मला चार वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. खाली अंगणातून आवाज यायचा, "पाच-आठ!" आणि मी हातातलं काम टाकून जिना उतरायचो. पाच-आठ म्हणजे मी. पाच फूट आठ इंच. खाली अंगणालगतच्या खोलीत कोर्टात नोकरीला असलेले एक कारकून बायकोसह राहायचे, ते पाच-सात. जिन्याखालच्या खोलीत मोटारीच्या सुट्या भागांचा एक विक्रेता होता, तो पाच-नऊ. नावं आम्हा सगळ्यांना होती. पण मालकांच्या लेखी आम्ही टपाचे तीन कोपरे होतो. चौथा कोपरा ते स्वतः.

आज इतक्या वर्षांनीही त्यांची आठवण आली की आधी खांदे दुखतात, मग बाकीचं आठवतं.

त्यांच्याकडे एक गर्द निळी, बुटकी, दोन दारांची विलायती गाडी होती. गाडी उघडी होती, पण तिला वरून बसवायचा एक पत्र्याचा टप होता. सहा बोल्ट सोडले की अख्खा टप उचलून बाजूला काढता यायचा. मालकांचं म्हणणं असं, की हवा चांगली असेल तर गाडी उघडीच हवी, आणि वाईट असेल तर बंदच हवी. हवा चांगली की वाईट हे ते ठरवणार. त्यामुळे सकाळी टप काढून मागच्या पडवीत दोन लाकडी घोड्यांवर ठेवायचा, दुपारी ढग दिसला की परत आणून बसवायचा, आणि ढग गेला की पुन्हा काढायचा. पावसाळ्यात हे दिवसातून तीनदा व्हायचं. गाडी बाहेर निघायची महिन्यातून दोनदा.

टप उचलणारी चार माणसं सारख्या उंचीची नसतील तर तो कलतो, आणि कलला की त्यातली मागची काच तडकते. एकदा तडकली होती. तेव्हाचे भाडेकरू वेगवेगळ्या उंचीचे होते. मालकांनी त्यांना जागा सोडायला लावली आणि मापात बसणारे नवे शोधले. त्या शोधात मी सापडलो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मनमाडहून नाशिकला एका सरकारी कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून आलो होतो आणि महिनाभर एका मित्राच्या खोलीत पथारी टाकून होतो. खोली मिळत नव्हती. म्हणजे खोल्या भरपूर होत्या. मी दारात उभा राहिलो की लोक पाणी द्यायचे, नोकरी विचारायचे, कचेरीचं नाव ऐकून खूष व्हायचे. मग आडनाव विचारायचे. आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की कुणाचा भाचा शिकायला यायचा असायचा, कुणाची खोली कालच ठरलेली असायची. एका बाईंनी तर हातातला पाण्याचा तांब्या तसाच परत आत नेला. अशी सात घरं झाली.

आठवं घर गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला होतं, भोवती द्राक्षांचे मळे. पायजम्यावर नुसता बनियन घातलेले, पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ दारात आले. बनियनच्या गळ्यातून जानवं दिसत होतं. मी इतका वैतागलो होतो की नमस्कारही न करता म्हणालो, "मी आधीच सांगतो, माझं आडनाव..."

"ते नंतर," ते म्हणाले. "आधी चौकटीला पाठ लावून उभे राहा."

मी राहिलो. काय करणार? त्यांनी खिशातून टेप काढली, माझ्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि माप घेतलं. मग माझ्या हातात एक जड लाकडी स्टूल देऊन ते डोक्यावर धरायला लावलं, आणि घड्याळात बघत बसले. माझे हात थरथरायला लागले तेव्हा म्हणाले, "ठीक. सामान कधी आणता?"

आडनाव त्यांनी नंतरही विचारलं नाही. पहिले काही दिवस मी वाट बघत होतो. आज विचारतील, उद्या विचारतील. मग पावसाळा लागला आणि मला वेगळीच काळजी लागली.

मालक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्य जमिनी मोजायच्या साखळ्या ओढण्यात गेलेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते आणि मोजल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये, असं त्यांचं ठाम मत. "आज काय ऊन आहे हो!" असं कुणी सहज म्हणालं की ते वळून विचारायचे, "किती? मापात बोला." पाच-सातांच्या बायकोने एकदा नव्याने केलेले लाडू नेऊन दिले. मालकांनी वजनकाटा काढला आणि एकूण लाडवांतले दोन हलके भरल्याचं तिला सांगितलं. त्यांची स्वतःची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याला भावाकडे गेली होती ती परत आलीच नव्हती. कारण विचारायची कुणाची हिंमत नव्हती, पण कारण अंगणात उभं होतं.

दुसऱ्या वर्षी पाच-सातांची आई गावाहून राहायला आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने मला नळावर गाठून आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिने घागर तिथेच सोडली आणि आत गेली. त्या संध्याकाळपासून त्यांच्या खोलीतून बारीक आवाजात भांडण ऐकू येऊ लागलं.

चौथ्या सकाळी मी कचेरीत जायला निघालो तर खाली बोलणं चाललेलं. मी जिन्यातच थांबलो. मालक गाडीखाली पडले होते, फक्त पाय बाहेर. पाच-सात त्या पायांशी बोलत होते.

"आईचं म्हणणं आहे... म्हणजे माझं नाही, आईचं... की नळ एकच आहे, आणि ते वरचे..."

"कोण वरचे?"

"पाच-आठ."

"त्यांचं काय?"

"त्यांनी दुसरीकडे जागा बघितली तर बरं, असं आईला वाटतं."

मालक सरपटत बाहेर आले. तोंडाला तेल लागलेलं. ते जमिनीवरच बसून म्हणाले, "आणि मागचा डावा कोपरा कोण धरणार?"

पाच-सातांनी वळून आपल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तुमची आई धरेल? उंची किती त्यांची?"

"अहो, असं काय..."

"मापात बोला. किती?" असं म्हणून मालक उठले, खिशातून टेप काढली आणि खरोखरच पाच-सातांच्या खोलीकडे चालू लागले. "मावशी, जरा चौकटीशी येता का?" म्हातारीने एवढा धसका घेतला की धाडकन दार लावून आतून कडी घातली. मालक बाहेरून सांगत राहिले की एकच मिनिट लागेल. दोन दिवसांनी ती गावी निघून गेली.

मला तेव्हा हसू यायला हवं होतं. पाच-नऊ तर ही गोष्ट ऐकून लोळून हसला. पण मी जिन्यात उभा होतो आणि माझ्या मनात एकच आलं. ही गाडी नसती तर? तर मालक काय म्हणाले असते? त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. मी त्यांचे आभार मानावेत की त्यांच्यावर चिडावं तेच मला कळेना. शेवटी मी चिडत राहिलो, कारण ते जास्त सोपं होतं, आणि ते स्वतः त्याची रोज सोय करायचे.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की टपाचा निळा आणि गाडीचा निळा आता एक राहिलेला नाही. गाडी उन्हात उभी असायची, टप पडवीत सावलीला. गाडी विटली होती, टप तसाच गर्द राहिला होता. दुसरा कुणीही गाडीला नवा निळा रंग देऊन मोकळा झाला असता. मालक म्हणाले, "जुळवायला गेलं की पुन्हा विटणार. त्यापेक्षा टप वेगळ्याच रंगाचा करू. चुकून जुळत नाही असं दिसायला नको, मुद्दाम जुळवलेला नाही असं दिसायला हवं."

ऐकायला बरं वाटलं. पुढचे पाच महिने मात्र विसरता येणार नाहीत.

आधी मागच्या भिंतीवर रंगांचे चौदा पट्टे उमटले. पिवळसर, राखी, पांढरा, सायीचा, फिकट हिरवा. प्रत्येकाखाली आकडा. आम्ही तिघांनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी भिंतीसमोर उभं राहून प्रत्येक रंगाला दहापैकी गुण द्यायचे. मी दोन दिवस मनापासून दिले. मग सुचतील ते आकडे सांगू लागलो. त्यांनी वही उघडली. "अकराव्या रंगाला काल सात दिलेत, आज चार. रंग बदलला की तुम्ही बदललात?"

"मालक, मला कचेरीत जायचंय."

"जा. पण चार की सात?"

असा दीड महिना. शेवटी त्यांनी सायीचा रंग ठरवला, ज्याला आमच्यापैकी कुणीही पाचाच्या वर गुण दिले नव्हते.

मग गावातले गाड्या रंगवणारे तीन कारागीर एकेक करून येऊन गेले. प्रत्येकाला मालकांनी विचारलं की रंगाचा थर किती जाड बसेल. पहिला हसला. दुसऱ्याने बोटाने दाखवलं. तिसरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, म्हाताऱ्याचं डोकं तपासून घ्या." मग मालकांनी जाहीर केलं की ते स्वतःच रंगवणार.

रंगवलाही. भर मे महिन्यात, अंगणात घोड्यांवर टप ठेवून, भिंती रंगवायच्या ब्रशाने. जुना रंग न काढता, गंजावरच.

त्या रविवारी माझी खात्याची परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती. दुपारचा पेपर. मी पांढरा शर्ट घालून, पेनात शाई भरून निघालो होतो, तोच अंगणातून आरोळी आली, "पाच-आठ! ढग!"

खरंच एक ढग होता. वळवाचा, मळ्यांवरून वर आलेला. पाच-सात आणि पाच-नऊ आधीच आपापल्या जागी उभे होते. मी म्हणालो, "मालक, माझी परीक्षा आहे."

"पावसाला सांगा."

मी मागचा डावा कोपरा धरला. दुसरा काही मार्गच नव्हता, मी धरला नसता तर बाकी तिघांना टप उचलताच आला नसता. रंग ओला होता. टप पडवीत नेऊन ठेवला तेव्हा माझे दोन्ही तळवे सायीच्या रंगाचे झाले होते आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत माखली होती. हात धुतले, राखेने घासले, रंग हटेना. तसाच सायकल हाणत परीक्षेला गेलो. पर्यवेक्षकाने हातावर काही लिहिलंय का म्हणून मला दोनदा तळवे दाखवायला लावले. उत्तरपत्रिकेच्या प्रत्येक पानावर माझा अंगठा उमटला. पाऊस पडलाच नाही.

संध्याकाळी परत आलो तेव्हा मालक टपाशी बसून रंगात अडकलेल्या मुंग्या चिमट्याने वेचत होते. माझा तोल गेला.

"मी माणूस आहे! जॅक नाही! माझी नोकरी गेली तर तुम्ही देणार आहात? मला ही खोली नको, तुमचा टप नको. पंधरा दिवसांत जागा सोडतो मी."

त्यांनी चिमट्यातली मुंगी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.  मग म्हणाले, "म्हणजे पावसाळ्याच्या आधीच?"

मी त्याच रात्री घरी पत्र लिहिलं.

पत्र मिळाल्याबरोबर माझे वडील आले. आबा. रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते, तीस वर्षं पुलांच्या लोखंडाला रंग लावला आणि पाट्यांवर अक्षरं काढली. अंगाने किरकोळ, उंचीला पाच फुटांच्या जरा वर. मला खोली मिळायला किती चपला झिजल्या हे त्यांना ठाऊक होतं. हातातली जागा पोरगा रागाच्या भरात सोडतोय म्हणून समजूत घालायला ते आले होते.

पण अंगणात शिरताच त्यांना टप दिसला. ते माझ्याकडे न येता तिकडेच गेले. रंगावर नख फिरवलं. सालपट निघालं. शेजारी मळक्या बनियनमध्ये, अंगभर रंगाचे शिंतोडे उडालेले मालक उभे होते. हा कुणी मजूर असावा असं आबांना वाटलं.

"हे कोनी केलं?"

"मी," मालक म्हणाले.

"आरं, गंज तसाच ठिवला आन् वरून रंग फासला? मेलेल्या मान्साला पावडर लावल्यावानी? काम येत नाय तर हातात कशाला घ्यायचं?"

मालकांचा चेहरा कडक झाला. "मापात बोला."

"माप? हे बघा माप." आबांनी दुसऱ्या ठिकाणी नख घातलं आणि हातभर लांबीचं सालपट ओढून काढून त्यांच्या हातात दिलं.

मी धावत जाऊन म्हणालो, "आबा, हे मालक आहेत!" आबा एकदम वरमले, हात जोडून मागे सरकले. मालकांचं मात्र लक्ष नव्हतं. ते सालपट उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघत होते. मग त्यांनी पडवीतून एक स्टूल आणून आबांसमोर ठेवलं.

"बसा. मग आता काय करायचं?"

"समदं खरवडायचं, सायेब. पार पत्र्यापोतर."

पुढचे सहा दिवस मी जे बघितलं त्यावर माझा अजूनही नीटसा विश्वास बसत नाही. कुणाचंही न ऐकणारा तो माणूस आबांच्या हाताखाली राबत होता. आधी सगळा रंग खरवडून काढला. मग गंज घासला, अस्तराचा हात दिला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, आणि वाळल्यावर पाणी मारून पॉलिश पेपरने घासायला घेतलं. "जोर नगा लावू, सायेब. हात नुसता फिरवायचा. गाल पुसल्यावानी." मालक मान खाली घालून हात फिरवायचे. पाच-नऊ जाता-येता थबकून बघायचा आणि डोळे चोळायचा.

पहिल्याच दिवशी मालकांनी चहा केला. कप आबांच्या हातात दिला आणि आबांची नजर कपात अडकली. कपाच्या आतल्या बाजूला, काठाच्या थोडं खाली, लाल रंगाची एक रेघ होती. आबांनी मला नजरेने ती दाखवली. त्यांच्या उभ्या आयुष्यात कपावरची खूण एकाच कारणासाठी असायची. कारखान्याबाहेरच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळे कप होते, त्यांना खालून खूण केलेली असायची. आबांनी कप जमिनीवर ठेवला. "मला चाय चालत नाय," ते म्हणाले.

मालक आतून स्वतःचा आणि माझा कप घेऊन आले. दोन्ही कपांत तशीच रेघ होती.

"ही रेघ कशाची?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"चहाची," मालक म्हणाले. "इथपर्यंत ओतला की सगळ्यांना सारखा जातो. यांचा का राहिलाय? जास्त झाला?"

आबांनी कप उचलला आणि एका दमात संपवला. मी चहा पिऊ शकलो नाही. तीन वर्षं मी त्या घरात होतो आणि मालकांनी मला एकदाही चहाला बोलावलं नव्हतं, तेव्हा रेघ आहे हे मला कळणार तरी कसं?

सहाव्या दिवशी शेवटचा हात दिला. टप असा दिसत होता की त्यावर बोट टेकवायची भीती वाटावी. विटलेल्या निळ्यावर तो सायीचा रंग खरोखर शोभत होता, हे मला कबूल करावं लागलं. मालकांनी चारी बाजूंनी फेऱ्या मारल्या. मग आबांसमोर उभे राहून म्हणाले, "तुमचं नाव काय? पूर्ण."

आबांनी माझ्याकडे बघितलं.  शेवटी तीन वर्षांनी आडनाव विचारलंच, आणि माझ्या नाही तर बापाच्या तोंडावर.

"नाव कशापायी, सायेब?"

"आतून लिहायचंय. ज्याने केलं त्याचं नाव असायला हवं. माझं अक्षर चांगलं नाही. तुम्हीच लिहा."

आबांनी आधी हात पुसले. मग त्यांनी बारीक ब्रश मागितला, टपाखाली गुडघ्यांवर बसले आणि मागच्या काचेच्या वर, आतल्या बाजूला स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. आडनाव बाकीच्यापेक्षा जरा मोठंच आलं. मालक वाकून वाचायला लागले. मग पट्टी आणून त्यांनी अक्षरांखाली धरली.

"सरळ आहे," ते म्हणाले. "रेघ न मारता." त्यांच्या तोंडून कुणाबद्दल चांगला शब्द निघालेला मी ऐकला तो हा पहिला.

आबा म्हणाले होते की आठ दिवस टप सावलीत राहू द्या. मालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीवर चढवला, कारण आबांना मनमाडला गाडीने पोचवायचं त्यांनी ठरवलं होतं. रेल्वेचा पास आहे, एस.टी. आहे, सगळं सांगून झालं. ऐकलं नाही. आबा पुढे, मी मागच्या चिंचोळ्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन. रंगाला धूळ लागू नये म्हणून समोर ट्रक दिसला की मालक गाडी बाजूला घेऊन थांबायचे. ओझरपर्यंतच तास गेला. पिंपळगावला कांद्याच्या गाड्यांची रांग होती, तिच्यामागे अर्धा तास उभे राहिलो. चांदवडला रेडिएटर तापला. मनमाडला आमच्या वस्तीत पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती आणि माझ्या पायांत जीव उरला नव्हता.

सगळी वस्ती गोळा झाली. आबा उतरले ते जरा वेळ दार धरून तसेच उभे राहिले, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. आईची धांदल उडाली. असा पाहुणा आमच्या घरी कधी आलाच नव्हता. कचेरीतले, कारखान्यातले साहेब सणासुदीला वस्तीत यायचे, पण ते दारात उभ्या-उभ्या. तिने बुद्धाच्या तसबिरीखालची सतरंजी झटकून घातली, बाजरीच्या भाकरी थापल्या, उडदाची आमटी केली. मालक मांडी घालून बसले. आई चौकटीत पदर धरून उभी. तिचे डोळे त्यांच्या ताटावर. शेजारच्या बायका मागून डोकावत होत्या.

मालकांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला आणि मान वर केली.

"मीठ जास्त झालंय."

 आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मालकांनी मात्र शांतपणे तीन भाकरी खाल्ल्या, आमटी दोनदा मागून घेतली, वाटी बोटाने पुसली, हात धुतले आणि "निघू या" म्हणाले.

परत येताना मी पुढे बसलो होतो. चांदवड मागे पडलं. मग जे तीन वर्षं साठलं होतं ते बाहेर आलं.

"मला एक सांगा. ही गाडी नसती तर मला खोली दिली असती तुम्ही?"

त्यांनी खरोखर विचार केला. मैलभर रस्ता गेला.

"गाडी नसती तर खोल्या भाड्याने कशाला दिल्या असत्या?" ते म्हणाले. "मला माणसांचा त्रास होतो."

या माणसाशी काय बोलायचं? मी कपाळावर हात मारला. "आणि आईला तसं का बोललात? तिला किती वाईट वाटलं असेल!"

"मीठ जास्त होतं. तुम्हाला लागलं नाही?"

"लागलं."

"मग तुम्ही का नाही बोललात? त्यांना कळणार कसं?"

"पाहुण्याने असं बोलायचं नसतं, मालक. छान झालंय म्हणायचं असतं."

"आणि अर्धं ताटात टाकून उठायचं?"

 छान म्हणून न शिवता उठणारे लोक मी लहानपणापासून बघत आलो होतो. मालकांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते पुढच्या ट्रककडे बघत होते.

परीक्षेत मी पास झालो. जागा सोडायचं मी पुन्हा बोललो नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पुढे कळवणला बदली झाली तोवर तिथेच राहिलो, आणि निघताना "पावसाळा तोंडावर आला असताना जाताय" म्हणून त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

मालक आमच्याकडे जेवले त्या दुपारनंतर महिन्याभराने मी घरी गेलो होतो. जेवायला बसलो. आमटी अळणी होती. मी आबांकडे बघितलं, त्यांनी डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलं. आजवर आई मीठ मुठीच्या अंदाजाने घालायची. आता तिने चहाचा चमचा आणला होता आणि तो काठाशी सपाट करून मीठ घालत होती.

"बराबर हाय का रं?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती वारली तोवर आमच्या घरी आमटी तशीच व्हायची. आबा तिची पाठ वळली की ताटात मीठ ओढून घ्यायचे, आणि प्रत्येक घासाला दबक्या आवाजात मालकांना शिव्या द्यायचे.